कावीळ नव्हती

शीतलच्या मरणाची बातमी आली तेव्हा मी अंबाडीची भाजी निवडत बसले होते. फोन मिलिंदचा होता, तिच्या धाकट्या भावाचा, बुलढाण्याच्या दवाखान्यातून. "आत्या, ताई गेली," एवढंच तो बोलला आणि फोन तसाच चालू राहिला. मागे कुणीतरी गाडा ढकलत नेत होतं, त्याचं चाक कुरकुरत होतं, ते मला ऐकू येत होतं. मी फोन खाली ठेवला आणि उरलेली भाजी निवडली. लोक म्हणतील, ही कसली बाई. पण हातात काम होतं आणि ते सोडून काय करायचं ते मला सुचलं नाही. शीतलची आई, माझी भावजय निर्मला, आतल्या खोलीत झोपली होती. आठ दिवस दवाखान्यात बसून ती पार गळाली होती, म्हणून मिलिंदने आदल्या दिवशीच तिला घरी पाठवलं होतं. तिला उठवून सांगायचं काम माझ्यावर आलं होतं... ते मी भाजी निवडून झाल्यावर केलं.

तासाभरात अंगण बायकांनी भरलं. शेजारची एक बाई माझ्याजवळ सरकली, पदर तोंडाशी धरला आणि हळूच म्हणाली, "आत्याबाई, खरं सांगा. काही घेतलं का व पोरीनं?"

"डेंग्यू झाला तिले. रक्तातल्या पेशी उतरल्या," मी म्हटलं.

"हाव, हाव," ती म्हणाली आणि मान हलवली. मी पंचाहत्तरी ओलांडली आहे. कुणाच्या 'हाव'मध्ये विश्वास आहे आणि कुणाच्या नाही, एवढं मला कळतं.

म्हणून आधी हे लिहून टाकते. शीतल एकतीस वर्षांची होती. ती डेंग्यूने गेली. दवाखान्याचे कागद घरी आहेत. त्या बाईने मला तसं का विचारलं, ते आता सांगते. ते सांगितल्याशिवाय शीतल कोण होती ते कळणार नाही, आणि त्यात माझी चूक मोठी आहे.

आमचं गाव पिंपळगाव राजाहून जवळ आहे. शीतल माझ्या धाकट्या भावाची, नामदेवची मुलगी. मी पंधराव्या वर्षापासून माहेरीच आहे, त्यामुळे भावाची दोन्ही लेकरं माझ्याच हाताखाली वाढली. शीतल लहानपणी भारी आवाजाची होती. गोठ्यातून हाक मारली तर विहारापर्यंत ऐकू जायची. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. वाचायला ती बसली की म्हाताऱ्यांना कानामागे हात धरावा लागायचा नाही. मी स्वतः चौथी शिकलेली. माझं वाचन बोट धरून चालतं, तिचं गाडीवर बसल्यासारखं जायचं.

दहावीत गेल्यावर दिवाळीनंतर ती बंद पडत गेली. दुसरा शब्द मला सापडत नाही. आधी वाचायला येईना, मग जेवेना, मग बोलेना. सकाळी गणवेश घालायची, दप्तर खांद्याला लावायची आणि दारात उभी राहायची. तिथून पाय बाहेर निघायचा नाही. शाळेची वेळ टळून जायची, तरी ती दप्तरासकट तिथेच. वेणी आठ-आठ दिवस सोडायची नाही. नामदेव ओरडला, वहिनीने समजावलं, मी टोमणे मारले. "अभ्यासाचा आळस," मी म्हणायचे. मनातून मात्र मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं की हा आळस नाही. ते कसं कळलं, ते पुढे सांगते.

शाळेतून निरोप आला, पोरगी का येत नाही. शेजारणी विचारू लागल्या. नामदेव आणि वहिनी एकमेकांकडे बघत राहायचे. तेव्हा एके सकाळी नळावर, सात-आठ बायका हंडे घेऊन उभ्या असताना, मी बोलून गेले, "कावीळ झाली तिले."

विचार करून बोलले नव्हते, पण बोलल्यावर मला ते पटलं. जेवण नाही, अंगात जीव नाही, डोळे ओढलेले. सगळं जुळत होतं. काविळीला कुणी नावं ठेवत नाही. काविळीमुळे पोरीचं स्थळ मोडत नाही. डोक्याचा आजार म्हटलं की तिला आयुष्यभर एकच नाव चिकटणार होतं. घरी येऊन मी दोघांना सांगितलं, "आजपासून हिले कावीळ हाय. आपन तिघंही हेच सांगू." नामदेवने सुटल्यासारखा श्वास सोडला. शीतल तिथेच बसली होती. तिला कुणी विचारलं नाही.

खोटं सांगणं एका मिनिटाचं काम होतं. टिकवणं भारी पडलं. गावाला कावीळ म्हटली की सगळं गाव डॉक्टर होतं. कुणी मुळे आणून दिले, कुणी उसाचा रस, कुणी फुटाणे. तेल बंद, हळद बंद, तिखट बंद. शेजारीण भिंतीपलीकडून वास घ्यायची आणि तिथूनच ओरडायची, "काऊन व, फोडनी देऊन राह्यल्या का? पोट्टीले मारता का?" म्हणून घरातल्या सगळ्यांनीच दोन महिने पांढरं वरण खाल्लं. जी पोरगी आधीच जेवत नव्हती, तिच्या ताटात आम्ही आळणी, बिनतेलाचं अन्न वाढत होतो. ती आणखी वाळली. लोक म्हणाले, बघा, कावीळ केवढी मुरली आहे.

मग माळ आली. आमच्या भागात काविळीची माळ देणारे लोक असतात. कुठल्याशा झाडाच्या कांड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गाठी मारून ओवतात आणि ती माळ डोक्यावर ठेवतात. कांड्या वाळतात, गाठी सैल होतात, माळ लांब होत जाते. डोक्यावरून गळ्यात येते, गळ्यातून छातीवर. माळ उतरली की कावीळ उतरली, असं धरतात. गावातल्या सोनाजीबुवांनी माळ करून पाठवली. आमचं बौद्धाचं घर. गंडा, दोरा, अंगारा आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आला नव्हता. पण आता नाही म्हटलं तर लोक विचारतील, कावीळ आहे आणि माळ का नको? म्हणून मी स्वतःच्या हाताने ती शीतलच्या डोक्यावर ठेवली. पंधरा वर्षांची पोर भिंतीला टेकून डोक्यावर काड्यांची माळ घेऊन बसायची, आणि बायका येऊन माळ कुठपर्यंत आली ते बघून जायच्या. एक दिवस माळ गळ्यात आली. बायकांना आनंद झाला. "उतरली व माय, उतरली!" कुणीतरी साखर वाटली. ती साखर मीही खाल्ली.

माळ उतरल्यावर शीतलला आजारी राहायची सोय उरली नाही. सगळ्या गावाच्या मते ती बरी झाली होती. मिलिंद तिला सायकलवर डबलसीट बसवून शाळेत सोडायला लागला. दोन आठवडे ती गेली. एके दुपारी मी अंगणात गहू चाळत होते. ती येऊन माझ्यासमोर बसली. कितीतरी दिवसांनी आपणहून बसली होती. म्हणाली, "आत्या, मले जगावंसं वाटत नाही."

मी तिच्या थोबाडीत मारली.

हे मी लपवून ठेवू शकले असते. ती आता सांगायला नाही, आणि तिने कधी कुणाला सांगितलंही नाही. पण मी मारली. चाळणी हातातून पडली, गहू सांडला, आणि ती तो गहू एकेक दाणा वेचायला लागली. रडली नाही. ते बघून मी घाबरले. रडली असती तर मी तिला जवळ घेऊन विषय मिटवून टाकला असता आणि पुढे काय झालं असतं, देव जाणे म्हणायची आमच्यात पद्धत नाही, पण कोण जाणे. त्या दिवशी मी तिला नजरेआड होऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने तिला खामगावला नेलं, मनाच्या डॉक्टरकडे. पत्ता मी गावात कुणाला विचारला नव्हता. खामगावच्या स्टँडवर एका अनोळखी नर्सबाईला विचारला. गावात सांगितलं, काविळीची तपासणी आहे.

डॉक्टर बाई होत्या, तरुण. त्या शीतलला विचारत होत्या आणि उत्तरं मी देत होते. झोप येते का? मी म्हणाले, येते. जेवण? मी म्हणाले, बरं आहे. चार उत्तरं झाल्यावर त्या म्हणाल्या, "आजी, तुम्ही बाहेर बसा." मला राग आला, पण बसले. तासाभराने दार उघडलं तेव्हा शीतलचे डोळे सुजलेले होते आणि ती डॉक्टरला म्हणत होती, "परत कधी येऊ?" परत यायचं तिने विचारलं, तेवढ्याने माझा अर्धा भार उतरला. गोळ्या सुरू झाल्या. दीड वर्ष आम्ही महिन्याला एक खेप खामगावला केली. लोक विचारायचे, "कावीळ अजून गेली नाही का?" मी म्हणायचे, मुरली होती. दहावी एक वर्ष उशिरा झाली, पण झाली. पुढे बारावीही झाली, ती शिवण शिकली, आवाज परत आला. वर्षावासात ती पुन्हा वाचायला बसली. मला वाटलं, संपलं सगळं. झाकलेलं झाकलेलंच राहिलं.

ती एकोणीस वर्षांची होती. पावसाळ्याचे दिवस होते. धामणगाव बढ्याहून तिला स्थळ आलं होतं, मुलगा पतसंस्थेत कारकून, आठ दिवसांनी ते लोक बघायला येणार होते. त्या सुमारास आमच्याच वस्तीतली पंचफुलाबाई घरी आली. तिची मुलगी दीपाली नववीत होती. पंचफुला म्हणाली, "आत्याबाई, सोनाजीबुवा आता थकले. तुमच्याकडं शीतलची माळ असंन तर दाखवा. तशी कोनाकडून करून घेतो."

"कोनाले कावीळ झाली?" मी विचारलं.

"आमच्या दिपूले. जेवत नाही, बोलत नाही, शाळेत जायचं म्हटलं की दारातच उभी राह्यते. तुमच्या शीतलले होती ना, डिट्टो तशीच."

शीतल आत ब्लाउजला काज करत होती. ती सुई हातात घेऊन बाहेर आली. "रक्त तपासलं का काकू?" तिने विचारलं.

"त्याले कायले रक्त पायजे? तुले पाह्यलं होतं ना आमी. तुहं बी असंच होतं, माळेनं बरं झालं."

शीतलने माझ्याकडे बघितलं. मी चुलीकडे बघितलं. नळावर बोललेलं एक वाक्य चार वर्षांनी दुसऱ्याच्या घरात जाऊन बसलं होतं. माझ्या खोट्याने तिच्या घरचे लोक आपल्या लेकराचा आजार कावीळ म्हणून ओळखायला शिकले होते.

पंचफुला गेल्यावर शीतल म्हणाली, "मी आज विहारात सांगणार हाय."

मी तिच्यापुढे हात जोडले. मी कुणापुढे हात जोडणारी बाई नाही, पण जोडले. "तिच्या मायेले घरी बोलाव, कानात सांग. चारचौघात काऊन? पाव्हणे येऊन राह्यले, आठ दिवस तरी थांब."

"कानात सांगतलेलं कानातच राह्यते आत्या. पंचफुलाकाकू दिपूले दवाखान्यात नेतीन, आन् लोकांले कावीळच सांगतीन. मंग तिसरी कोनी येईन माळ मागाले."

"तुह्यं लग्न मोडन."

"मोडू दे. आठ दिवसांत दिपूचं काही झालं तं?"

मी जोडलेले हात सोडले.

त्या संध्याकाळी विहारात नेहमीसारखं वाचन झालं. चाळीसेक माणसं असतील, बायका जास्त. शीतलने ग्रंथ मिटला, कापडात गुंडाळला, बाजूला ठेवला आणि तिथेच बसून म्हणाली, "मले दहावीत कावीळ नव्हती." पुढचं ती सरळ, वाचल्यासारखं बोलली. मनाचा आजार होता. सकाळी उठलं की अंगावर कोणी पोतं टाकल्यासारखं वाटायचं. पुस्तकातली ओळ दिसायची, पण आत जायची नाही. मरावंसं वाटत होतं. खामगावच्या डॉक्टरांकडे दीड वर्ष गोळ्या घेतल्या, तिथे जाऊन बोलले, त्याने बरी झाले. माळेने काही झालं नाही, माळ आपोआप लांब होते. "कोनाच्या घरी पोरगी किंवा पोरगा असा गप झाला असंन तं माळ मागू नका. मले इचारा. मी सोबत येईन." कावीळ कोणी सांगितली, हे तिने सांगितलं नाही. माझं नाव घेतलं नाही.

एक म्हातारा म्हणाला, "पोरी, हे काय सांगाची गोष्ट हाय?"

"मंग कोनती सांगाची असते आजोबा?" ती म्हणाली.

पंचफुला ताडकन उठली आणि लेकीचा हात धरून निघून गेली. वहिनी रडत होती. मी शीतलसाठी थांबले नाही, एकटी घरी आले.

तिसऱ्या दिवशी सकाळी पंचफुलाचा नवरा दारात आला. आत आला नाही. "शीतल, त्या डाक्टरकडे कसं जायचं?" एवढंच विचारलं. शीतल तशीच चप्पल घालून त्यांच्यासोबत गेली. दीपाली सावरायला वर्ष लागलं, पण सावरली. धामणगावच्या लोकांचा निरोप आला की मुलाचं इतक्यात करायचं नाही. पुढच्याच उन्हाळ्यात त्यांनी त्याचं केलं. नंतर अजून एक स्थळ असंच गेलं. तिसऱ्याला शीतलनेच नाही म्हटलं. तिला त्याचं काही वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. वाटलं. एकदा ती लग्नाच्या साडीला फॉल लावता लावता उठून बाहेर गेली होती आणि बराच वेळ आली नव्हती.

विहारातल्या त्या संध्याकाळनंतर अकरा दिवस मी तिच्याशी बोलले नाही. ताट वाढायचे, शब्द नाही. बाराव्या दिवशी ती माझ्याजवळ येऊन बसली. "आत्या, आबा बोलले, माय बोलली. तुलेच काऊन एवढा राग आला?"

आणि मी सांगितलं. आई-बाप सोडून जे कुणाला माहीत नव्हतं, ते सांगितलं. गावाला एवढंच ठाऊक आहे की मला नवऱ्याने टाकली आणि दुसरी केली. का टाकली, ते असं. चौदाव्या वर्षी माझं लग्न झालं. पंधराव्या वर्षी लेकरू झालं आणि वीस दिवसांत गेलं. त्यानंतर मी बोलायची बंद झाले. चुलीपुढे बसायचे, भाकरी जळायची, मला दिसायची पण हात उचलायचा नाही. सासूने दोन महिने बघितलं. मग नवऱ्याने मला बैलगाडीत घालून इथे आणलं आणि माझ्या बापाला म्हणाला, "येडी पोरगी गळ्यात मारली." बापाने गाडीतून माझी पेटी उतरवून घेतली आणि त्या गोष्टीवर आमच्या घरात पुन्हा कधी कुणी बोललं नाही. मी हळूहळू उठले, कामाला लागले. पण तो शब्द माझ्या अंगावर राहिला. शीतल दारात दप्तर घेऊन उभी राहिली तेव्हा मी तिला लगेच ओळखलं, ते त्यामुळे. आणि कावीळ सांगितली, तीही त्यामुळे.

शीतलने सगळं ऐकलं. मग विचारलं, "तुले कोनी सांगतलं होतं का, की तू आजारी हायेस?"

"नाही. कोन सांगन?"

"मंग आता मी सांगून राह्यली. तू आजारी होती आत्या. येडी नव्हती."

पन्नासेक वर्षं झाली होती. आई-बाप गेले होते, तो नवराही मेला होता. मी तिला म्हटलं, "जाय, चहा ठेव." माणसाला एवढं एक वाक्य ऐकायला इतकी वर्षं लागू नयेत, एवढंच मी म्हणते.

त्यानंतर आम्ही दोघी बरोबरीच्या झालो. तिने पुढच्या खोलीत शिवणक्लास काढला. आसपासच्या गावांतून पोरी येऊ लागल्या. शिवण शिकायला किती येतात आणि बोलायला किती, हे तिने कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. शाळांनी तिला बोलावलं, तिथेही ती जायची. सुरुवातीला चिठ्ठीवर लिहून न्यायची, पुढे चिठ्ठी सुटली. माळेची गोष्ट आली की ती हसायची आणि पोरंही हसायची. म्हणायची, "हसा बे, पन घरी जाऊन मायले सांगजा." नामदेव जाण्यापूर्वी एकदा मला म्हणाला होता, "अक्का, पोरगी आपल्यापेक्षा मोठी झाली." मी म्हटलं, हाव. त्या 'हाव'मध्ये काही खोटं नव्हतं.

या पावसाळ्यात तिला ताप आला. दोन दिवसांत खामगाव, तिथून बुलढाणा. मी चौथ्या दिवशी बघायला गेले. ती पडूनच म्हणाली, "आत्या, या टायमाले खरं सांगजो बरं, डेंग्यू हाय म्हनून. नाही तं पुन्हा नळावर कावीळ सांगून येशील." मी तिला म्हटलं, तोंड बंद ठेव आणि झोप. तेच आमचं शेवटचं बोलणं.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे शीतलला श्रद्धांजली द्यायच्या कार्यक्रमाच्या, आदल्या दिवशी मिलिंद माझ्याजवळ येऊन बसला. खामगावला कंपनीत कामाला आहे, शहाणा मुलगा आहे. म्हणाला, "आत्या, उद्या कोनी ताईच्या त्या आजाराचं काढू नये, असं सगळ्यांले सांगतलं मी. लोक आधीच भलतंसलतं बोलून राह्यले. माह्या पोरीचंही पुढं पाहा लागन ना." त्याची पोरगी चार वर्षांची आहे. मी त्याला हसले नाही. नळावर उभी होते तेव्हा मीही असंच पुढचं पाहिलं होतं. एवढं म्हटलं, "तू नको बोलू. पन मले अडवू नको."

दुसऱ्या दिवशी विहारात सात-आठ जण बोलले. शीतल मनमिळाऊ होती, कष्टाळू होती, हसतमुख होती. ऐकताना मला वाटलं, ही कोणत्या शीतलबद्दल बोलतात? असं कुणाबद्दलही बोलता येतं. तिने जे एक मोठं काम केलं, त्याचं नावही निघालं नाही. शेवटी मी उठले. माइक मी आयुष्यात हातात धरला नव्हता, तो थंड आणि जड होता. मी म्हणाले, "शीतल डेंग्यूनं गेली. कागद घरी हायेत, ज्याले वाचता येते त्यानं येऊन वाचा. पंधरा वर्षांची असताना तिचं मन आजारी होतं. कावीळ नव्हती. कावीळ मी सांगतली होती, तिनं माह्यं नाव कधी घेतलं नाही म्हनून आज मीच घेतो. आन् मले नवऱ्यानं टाकलं ते कायले, हे बी ऐकून ठेवा." आणि तेही सांगितलं. मिलिंद मान खाली घालून बसला होता. संपल्यावर तो उठून आला, माझ्या हातातून माइक घेतला आणि म्हणाला, "आत्या म्हनते ते खरं हाय. मीच ताईले सायकलवर शाळेत नेऊन घालत होतो." मग त्याने माइक खाली ठेवला. कुणी उठून गेलं नाही.

त्यानंतर आठवड्याने क्लासच्या पोरी दारात येऊन उभ्या राहिल्या. दीपाली आता मोठी झाली आहे, शिवणकाम करते. ती म्हणाली, "आत्याबाई, बुधवारी येऊन मी शिकवत जाईन. खोली उघडा." मी उघडली. खोलीत चार पायमशीन आहेत, मधे कापड बेतायचं टेबल. मी कोपऱ्यात बसले. पोरी मशीनवर बसल्या. थोड्या वेळाने मी पाहिलं, तर दोघी-तिघी नुसतीच मशीन चालवत होत्या, खाली कापड नव्हतं. मी रागावले, "कापडाशिवाय मशीन कायले झिजवता व?"

दीपाली म्हणाली, "कोनाले बोलायचं असंन तं ताई तिले जवळ घ्यायची आन् बाकीच्यांले मशीन चालवा म्हनायची. बाहेर ओट्यावर आमच्या माया बसलेल्या असतात. त्यांले ऐकू जाऊ नये म्हनून."

इतकी वर्षं मी त्याच ओट्यावर त्याच बायकांसोबत बसत होते आणि म्हणत होते, पोरी किती शिवून राहिल्या.

त्या दिवशी एक नवी पोरगी आली होती, दोन वेण्यांची, आठवी-नववीतली असेल. ती शीतलच्या मशीनकडे गेली नाही. स्टूल ओढत माझ्याजवळ आली आणि बसून राहिली. माझ्या हातात काही नव्हतं. मला शिवता येत नाही, समजवायचं कसं ते येत नाही, डॉक्टरचा पत्ता मात्र पाठ आहे. मी दीपालीकडे बघितलं. तिने मान हलवली आणि मशीनचं पायडल दाबलं. बाकीच्याही मशीन सुरू झाल्या आणि खोली आवाजाने भरली. इतक्या आवाजात मला लांबून काही ऐकू आलं नसतं. मी माझं स्टूल पुढे सरकवलं आणि कान तिच्या तोंडाजवळ नेला.